पिवळी गाठ

गाय दुसऱ्यांदा उलटली की मराठवाड्यातल्या देवणीकडचा शेतकरी डॉक्टरला बोलावतो. उलटली म्हणजे रेतन करूनही ती गाभण राहिली नाही, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली. डॉक्टर येतो, खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवतो, त्यावर साबणाचं पाणी ओततो, कुणाला तरी शेपटी बाजूला धरायला सांगतो आणि शेणाच्या वाटेने कोपरापर्यंत हात आत घालतो. मग बराच वेळ काही बोलत नाही. नजर गोठ्याच्या पत्र्याकडे, बोटं आत. आतड्याच्या पातळ पडद्याआडून त्याला गर्भाशयाची दोन शिंगं लागतात, त्यापलीकडे दोन बीजकोश. त्यातल्या एकावर टोक आलेलं काही घट्ट लागलं की तो म्हणतो, "गाठ आहे." मालकाला तेवढं पुरतं.

ही गाठ रोगाची नव्हे. बीजकोशातून बीज सुटलं की रिकाम्या झालेल्या जागी ती आपोआप बनते, आणि कापून पाहिली तर पिवळी धमक दिसते. वैद्यकाच्या पुस्तकात तिला पीतपिंड म्हणतात. ती असेपर्यंत गाय माजावर येत नाही. डॉक्टरकडे ती विरघळवण्याचं इंजेक्शन असतं, तीन-चार दिवसांत माज दिसतो. पण पोटात गर्भ असताना तेच इंजेक्शन टोचलं तर गर्भ पडतो. म्हणून गाभण नाही याची खात्री होईपर्यंत शहाणा डॉक्टर सुई काढत नाही, आणि मालकही त्याला घाई करत नाही. देवणीची गाय म्हणजे घरातला ऐवज. गावाच्या नावानेच हा गोवंश ओळखला जातो. अंगभर काळे ठिपके ती शेवरा, तोंडाच्या बाजू काळ्या ती वानेरा, पोटाखाली तेवढे ठिपके ती बालंक्या. शेजारच्या उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे या भागात गाईच्या बीजकोशाविषयी बोलायला कुणी लाजत नाही. पारावर बसलेले म्हातारेही बोलतात.

बाईच्या अंगातही हीच गाठ दर महिन्याला बनते. तिच्याविषयी पारावरच काय, घरातही कुणी बोलत नाही. आणि त्या गाठीतून पाझरणाऱ्या द्रव्याचा, प्रोजेस्टेरॉनचा, गेल्या शंभर वर्षांचा इतिहास बघितला तर गोठ्यात जी शिस्त पाळली जाते ती दवाखान्यात वारंवार मोडलेली दिसते. गोठ्यात आधी हात, मग सुई. दवाखान्यात पुष्कळदा उलटं झालं.

इतिहासाची सुरुवात सशांपासून होते. सतराव्या शतकात बीजकोशावरच्या या पिवळ्या डागाला नाव मिळालं होतं, पण तो तिथे कशासाठी असतो हे दोनशेहून जास्त वर्षं कुणाला सांगता आलं नाही. १९०३ च्या सुमारास ब्रेस्लाउच्या लुडविग फ्रेंकेलने गाभण सशांच्या गाठी जाळून दाखवलं की गर्भ टिकत नाही. १९२९ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला जॉर्ज कॉर्नर आणि विलर्ड अॅलन या जोडीने त्याची दुसरी बाजू सिद्ध केली: गाठी काढून टाकलेल्या सशिणीला त्याच गाठींचा अर्क टोचत राहिलं तर गर्भ टिकतो. अॅलन तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. १९३४ मध्ये हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळं झालं, एकाच वर्षी चार ठिकाणी. त्यातल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांटच्या प्रयोगशाळेचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. ५० हजार डुकरिणींचे बीजकोश, वजन ६२५ किलो, आणि त्यातून हाती आलं २० मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. बाईच्या बीजकोशातली बोराएवढी गाठ ऐन भरात असताना एका दिवसात साधारण तेवढंच बनवते, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. अंग जरा तापतं, अर्ध्या अंश सेल्सिअसच्या आसपास. छाती जड वाटते. बस.

१९३५ मध्ये लंडनला शास्त्रज्ञ जमले, प्रत्येकाने आपापलं नाव पुढे केलं आणि शेवटी दोन नावांची मोडतोड करून 'प्रोजेस्टेरॉन' ठरलं. बारशाला भांडणं झाली की असं होतं.

पुढची अडचण किमतीची होती. जनावरांपासून काढलेलं प्रोजेस्टेरॉन ग्रॅमला ८० डॉलर पडे. पेनसिल्व्हेनियाचा रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर वनस्पतींच्या मागे लागला. १९४२ मध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागात त्याला एक अगडबंब रानकंद सापडला. आपल्याकडचं कोनफळ, करांदा हे त्याचे भाऊबंद. या कंदातल्या द्रव्यापासून तो थोड्याच पायऱ्यांत प्रोजेस्टेरॉनपर्यंत पोचला. औषध कंपनीने पैसे घालायला नकार दिला तेव्हा गडी स्वतःच मेक्सिकोला जाऊन बसला आणि त्याने तीन किलोच्या आसपास प्रोजेस्टेरॉन बनवून दाखवलं. तेवढं तोवर जगात कुणी एका जागी पाहिलं नव्हतं. १९४४ मध्ये मेक्सिको शहरात सिंटेक्स कंपनी निघाली, वर्षभरात मार्कर भागीदारांशी भांडून निघूनही गेला. पण कंद राहिला. एक उणीव मात्र होती: प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं तर बरंचसं यकृतातच संपतं. १५ ऑक्टोबर १९५१ ला त्याच कंपनीत कार्ल जेरासीच्या हाताखाली लुईस मिरामोन्तेस या तरुण मेक्सिकन विद्यार्थ्याने नॉरएथिस्टेरॉन बनवलं. गोळी गिळली तरी काम करणारं, प्रोजेस्टेरॉनची नक्कल करणारं द्रव्य. तेव्हा डोक्यात संततिनियमन नव्हतं. पाळीच्या तक्रारी आणि गर्भपात थांबवणं एवढाच हेतू होता.

हे नॉरएथिस्टेरॉन मराठवाड्यातल्या बायकांना नावाने ठाऊक नसेल, कामाने पक्कं ठाऊक आहे. महालक्ष्म्या बसायच्या आहेत, लग्न आहे, पंढरपूरला जायचंय आणि तारीख नेमकी तेव्हाच येतेय, तेव्हा मेडिकलवाल्याकडून जी 'पाळी पुढं ढकलायची गोळी' आणतात ती हीच. तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची, दिवसातून तीनदा. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. गाईच्या अंगात प्रोजेस्टेरॉनचं साधन सात-आठ दिवस ठेवून मग ओढून काढतात आणि दोन-तीन दिवसांत ती माजावर येते, त्यातली युक्ती हीच आहे. गोळी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण कधी पायात रक्ताची गुठळी झाली होती का, अर्धशिशी आहे का, कावीळ झालेली आहे का, हे काउंटरवर कोण विचारतं?

आता आपल्या शब्दांविषयी थोडं. हल्ली जिकडेतिकडे 'हार्मोन बॅलन्स'चं चूर्ण, 'हार्मोन बॅलन्स'चा काढा विकायला असतो. बॅलन्स म्हटलं की डोळ्यांपुढे तराजू येतो, दोन पारडी सारखी करायची. शरीरात तसं काही नसतं. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बीजकोशातल्याच दुसऱ्या द्रव्याचं, एस्ट्रोजेनचं, राज्य, गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं. बीज सुटलं की गाठ बनते आणि प्रोजेस्टेरॉनची वेळ येते. ते वाढलेलं अस्तर स्थिर करतं. गर्भ राहिला नाही तर गाठ चौदा दिवसांत सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर गळतं. एकानंतर दुसरं. आपल्या आज्यापणज्यांनी याला तराजूचं नाव दिलं नाही, पाळी म्हटलं. पाण्याची पाळी, राखणीची पाळी, तशी ही. कुणाची पाळी चालू आहे हे ठाऊक नसताना औषध देणं म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत बारं फोडणं.

आणि ताण इथेच आत शिरतो. मेंदूच्या तळाशी एक जागा आहे, तिथून दर तास-दीड तासाला बीजकोशांसाठी इशारा निघतो. उपासमार, अतिकष्ट, रात्रीची झोप नाही, सततची धास्ती, यातलं काही महिनोन्‌महिने चाललं की हा इशारा मंदावतो. बीज सुटत नाही. बीज नाही म्हणजे गाठ नाही, गाठ नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन नाही. काहींची पाळीच थांबते. काहींत एस्ट्रोजेन एकटंच अस्तर वाढवत राहतं, त्याला आवरणारं कुणी नसतं, आणि मग ते कधीही, कसंही, धोधो सुटतं. बाई म्हणते, अंगावरून लई जातंय.

देवणीहून हैदराबादला निघालं की बीदर, जहीराबाद, संगारेड्डी करत शेवटी पटनचेरू लागतं. निजामाच्या राज्यात देवणीचा मुलूख बीदर जिल्ह्यात होता, त्यामुळे जुन्या माणसांना पुण्या-मुंबईपेक्षा हाच रस्ता पायाखालचा. १९८५ मध्ये या रस्त्यावरच्या पटनचेरूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बायकांना एक इंजेक्शन देण्याचं शिबिर होतं. नाव नेट-एन. तेच नॉरएथिस्टेरॉन, आता तेलात मिसळलेलं, दोन महिन्यांतून एकदा २०० मिलिग्रॅम टोचायचं. दोन महिने बीज सुटत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशात या इंजेक्शनच्या चाचण्या चालवल्या होत्या, आणि हे शिबिर त्यातलंच. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या बायका तिथे गेल्या. जमलेल्या बायकांना एवढंच सांगितलेलं होतं की या सुईने मूल होत नाही. आपल्यावर प्रयोग चाललाय हे त्यांना माहीत नव्हतं. पाळीचं चक्र बिघडेल, कधी महिनोन्‌महिने थेंब थेंब जाईल, कधी पाळी येणारच नाही, हेही नाही.

दोन महिने अंगावर थेंब थेंब जाणं म्हणजे काय, हे कागदावर 'किरकोळ दुष्परिणाम' असतं. शिवाशीव पाळणाऱ्या घरात त्याचा अर्थ दोन महिने देवापाशी नाही, चुलीपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही.

१९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली, अहमदाबादची चिंगारी या संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती चौदा वर्षं चालली. २००० मध्ये सरकारने सांगितलं की पाठपुराव्याची आणि समुपदेशनाची पुरेशी सोय नसेल तिथे हे इंजेक्शन राष्ट्रीय कार्यक्रमात देणार नाही, आणि प्रकरण मिटलं. संघटनांवर तेव्हा टीका झाली की त्या सामान्य बायकांच्या हातातलं एक साधन हिरावून घेतायत. ती टीका अगदीच फोल नव्हती. २०१७ मध्ये 'अंतरा' नावाने त्याच जातीचं दुसरं इंजेक्शन, तीन महिन्यांचं, सरकारी केंद्रांत आलं, आणि सासूला न कळता पाळणा लांबवता येतो म्हणून ते मागून घेणाऱ्या बायकाही आहेत. भांडण सुईशी नव्हतंच. शिबिरात रांग लावून टोचण्याशी होतं.

त्याच काळात मुंबई-पुण्यात दुसरी लढाई चालू होती, आणि ती जास्त विचित्र होती. एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं द्रव्य यांचा जबर डोस, गोळ्यांत किंवा इंजेक्शनात, 'दिवस गेलेत का' हे पाहण्यासाठी देत असत. डॉक्टरांच्या बोलीत ईपी. दिवस गेले नसतील तर औषध उतरल्यावर पाळी येते. गेले असतील तर बाईची स्वतःची गाठ प्रोजेस्टेरॉन बनवत असतेच, त्यामुळे येत नाही. तर्क बिनतोड. फक्त पोटात गर्भ असेल तर तोही त्या डोसातून जातो. गोठ्यातला डॉक्टर ज्या भीतीने सुई काढत नाही, त्या भीतीची पर्वा न करता इथे सुईच तपासणी म्हणून वापरली जात होती. १९६७ मध्ये लंडनजवळच्या मुलांच्या रुग्णालयातल्या इझाबेल गाल या डॉक्टरने 'नेचर' नियतकालिकात लिहिलं की पाठीच्या कण्यात व्यंग असलेल्या मुलांच्या आयांनी ही चाचणी जास्त प्रमाणात घेतलेली दिसते. ब्रिटनमध्ये ती बंद व्हायला १९७८ उजाडलं. व्यंग खरंच याच औषधाने होतं का, यावर तिकडे अजून वाद आहे. २०१७ मध्ये एका तज्ज्ञगटाने पुरावा अपुरा म्हटलं, २०२० मध्ये दुसऱ्या चौकशीने म्हटलं की ही चाचणी १९६७ लाच थांबवायला हवी होती. मला दुसरं म्हणणं पटतं. लघवीची साधी चाचणी हाताशी असताना पोटातल्या जिवावर शंकेचा डोस कशाला?

भारतात हे औषध चाचणीपुरतंही राहिलं नाही. 'पाळी आणायचं इंजेक्शन' म्हणून गावोगाव पोचलं. दिवस पाडायला म्हणून बायका ते मागत, त्याने दिवस पडत नसत, आणि मग नऊ महिने धाकधूक. मेडिको फ्रेंड सर्कल, लोकविज्ञान संघटना, ऑल इंडिया ड्रग अॅक्शन नेटवर्क, मुंबईतल्या स्त्रीसंघटना यांनी रान उठवलं. १९८२ मध्ये केंद्राने बंदी घातली, उत्पादकांनी मुंबई आणि कोलकात्याच्या उच्च न्यायालयांतून स्थगिती आणली. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर १९८७ मध्ये चार महानगरांत जाहीर सुनावण्या झाल्या. औषधाविषयी कंपन्यांच्या तज्ज्ञांइतकंच बायकांच्या संघटनांनीही बोलायचं, हा प्रकार आपल्याकडे नवा होता. १९८८ च्या जूनमध्ये जबर डोसाच्या ईपीवर शेवटी बंदी आली.

गोठ्यातली शिस्त मोडल्याचं पुढचं उदाहरण उसाच्या फडातलं. तोवर मराठवाड्यातून साखर कारखान्यांकडे ऊसतोडीच्या टोळ्या भरून जायला लागून बराच काळ लोटला होता. बीड आघाडीवर, पण अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड या बालाघाटच्या माळरानातूनही दिवाळी झाली की ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत अंग आपलं नसतं. पहाटे तीन-चारला फडात, पाचट सोलायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. रात्री गाडी भरायला आली तर रात्रीही. कोपीला दार नाही, न्हाणी नाही. एक दिवस खाडा केला की मुकादम दंड लावणार. पाळीच्या चार दिवसांत काय करायचं? पॅडऐवजी जुनं कापड, ते वाळवायला आडोसा नाही. अतिकष्ट, अर्धी झोप, उचलीची धास्ती: वर सांगितलेल्या यादीतलं एकही कलम इथे कमी नाही.

मग अंगावरून जायला लागतं, पांढरं किंवा लाल. त्याची कारणं अनेक असू शकतात. जंतुसंसर्ग असेल, गर्भाशयात गाठी असतील, बीज न सुटल्याने प्रोजेस्टेरॉनच नसेल. पहिल्याला योग्य जंतुनाशक, शेवटच्याला काही आठवड्यांच्या प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या हा वर्षानुवर्षांचा, स्वस्त उपाय आहे. कोणतं कारण आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही. पण तालुक्याच्या गावात दुसरंच चालू झालं होतं. एक सोनोग्राफी, "पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल," आणि ऑपरेशनची तारीख. पुष्कळ बायकांनी ते स्वतःहूनही मागितलं. मुलं झालीत, नसबंदी झालीय, दर महिन्याचा खाडा कशाला? त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी त्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

एप्रिल २०१९ मध्ये बातम्या झळकल्या तेव्हा 'पिशव्या नसलेल्या बायकांची गावं' असले मथळे आले. जूनमध्ये आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहाजणींत एक. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली, टोळीला जाण्याआधी आणि आल्यावर बायकांची तपासणी करून कार्ड द्यायचं ठरलं. ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने एका जुन्या याचिकेवर निकाल देताना अनावश्यक गर्भाशय काढण्याला आळा घालणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असं सांगितलं.

या आकड्यांत एक आकडा कुठेच नीट येत नाही. पिशवी काढणं एक, आणि पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढणं वेगळं. पिशवी गेली तर पाळी आणि मूल जातं, पण बीजकोश शिल्लक असतील तर पिवळी गाठ आत बनत राहते, एस्ट्रोजेन मिळत राहतं. बीजकोशही गेले तर तिशीतल्या बाईला रातोरात पन्नाशी येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि पुढच्या दिवाळीला मोळी तितकीच जड असते.

आपल्यातलं काय काढलं हे विचारलं तर पुष्कळ बायका म्हणतात, "पिशवी." त्यापलीकडचं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. उत्तर डिस्चार्जच्या कागदावर असतं. इंग्रजी तीन अक्षरं: बीएसओ. ती लिहिलेली असतील तर दोन्ही बाजूंचे बीजकोश गेले. नसतील तर बहुधा राहिले. तो कागद घडी घालून पेटीत, उचलीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांशेजारी, ठेवलेला असतो.